फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर बदलला, अपघात थांबले नाहीत

एका गोदाम-प्रमुखांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भिवंडीजवळ साठ हजार चौरस फुटांचं गोदाम, तीन डिझेल फोर्कलिफ्ट, दोन बीओपीटी (बॅटरीवर चालणारे पॅलेट ट्रक), दोन पाळ्यांत मिळून पन्नासेक माणसं आणि त्यातली बहुतेक कंत्राटी. आठ महिन्यांत तीन अपघात झाले. पहिल्यात वळणाऱ्या फोर्कलिफ्टचं मागचं चाक एका पिकरच्या, म्हणजे रॅकवरून माल काढून आणणाऱ्या पोराच्या, पावलावरून गेलं आणि तीन हाडं मोडली. दुसऱ्यात शेवटचं पॅलेट आत जायच्या आधीच ट्रक डॉकवरून (माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यापासून) निघाला आणि बीओपीटी खाली कोसळली. तिसऱ्यात फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेताना रॅकच्या खांबावर आदळली. गोदाम-प्रमुखांनी एका ड्रायव्हरला काढून टाकलं, दोघांना पाचशे-पाचशे रुपये दंड केला, निळे दिवे बसवले, पोस्टर लावली. आता विचारतात, ड्रायव्हर निष्काळजी आहेत, त्यांना कोणतं ट्रेनिंग द्यावं? जाता जाता असंही लिहितात की जखमी मुलाच्या पायात सेफ्टी शूज नव्हते, त्यामुळे त्याला भरपाई लागू होत नाही असं कंत्राटदाराचं म्हणणं आहे.

मी आधी उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवली, मग ती शिकवायला लागलो, आणि गेली बरीच वर्षं गोदामांच्या सेफ्टीचं काम करतो. ट्रेनिंग हाच माझा धंदा, तरी सांगतो, इतक्यात ट्रेनिंगवर पैसे घालू नका. तीन अपघातांत तीन वेगळे ड्रायव्हर आहेत, त्यातला एक तर तुमचा माणूसही नाही, ट्रकवाला आहे. वेगवेगळी माणसं एकाच छपराखाली पाळीपाळीने चुकत असतील तर मी माणसांकडे नंतर बघतो आणि आधी फरशीकडे.

उद्या पाळी बदलताना, गाड्या उभ्या असतील तेव्हा, खडू घेऊन गोदामात एक फेरी मारा. रॅकच्या पायांचा पिवळा रंग कुठे खरवडलाय, खांबाला पोचा कुठे आहे, शटरच्या चौकटीला ओरखडे कुठे आहेत, जमिनीवर टायरचे काळे फराटे कुठे उमटलेत, तुटलेल्या पॅलेटच्या फळ्या कुठे पडल्यात. दिसेल तिथे खडूने गोल करा. रजिस्टरात तीन अपघात आहेत, जमिनीवर तीस निघतील. आणि ते सगळीकडे सारखे पसरलेले नसतील. दोन-तीन ठिकाणी गर्दी झालेली दिसेल. तिथे जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा, वही बाहेर काढू नका, नाहीतर सगळे शहाण्यासारखे वागतात.

चाकणच्या एका गोदामात हे गोल पॅकिंगच्या टेबलाजवळच्या एका कोपऱ्यावर दाटले होते. ड्रायव्हरांना तिथे बोलणी बसत होती, आरसा लावला होता, "हॉर्न वाजवा" अशी पाटी होती. उभं राहिल्यावर कळलं की लेबल काढायचा प्रिंटर गोदामातल्या मुख्य वाटेच्या पलीकडे आहे. पॅकिंगच्या मुली दिवसभर लेबलं आणायला फोर्कलिफ्टच्या वाटेवरून ये-जा करत होत्या. वायर ओढून प्रिंटर अलीकडे आणला. बाकी काहीच केलं नाही, आणि त्या कोपऱ्यावरचे ओरखडे वाढायचे थांबले. तुमचा पिकर त्या क्षणी तिथे कशासाठी उभा होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, पाण्याचा कूलर, हजेरीचं मशीन किंवा संडासाचा रस्ता, यातलं काहीतरी त्या वळणापलीकडे असणार.

त्याच्या पायावरून मागचंच चाक का गेलं, हे नीट समजून घ्या, कारण फोर्कलिफ्ट न चालवलेल्या साहेबांना ते सहसा ठाऊक नसतं. मोटारीचं पुढचं चाक वळतं, फोर्कलिफ्टचं मागचं. त्यामुळे पुढचं तोंड डावीकडे वळतं तेव्हा बूड उजवीकडे झपकन बाहेर फेकलं जातं. शेजारी उभ्या माणसाला वाटतं, गाडी आपल्यापासून लांब चाललीय, आणि नेमकं तेव्हाच मागचं चाक त्याच्याकडे येतं. "साहेब, मी पुढे बघत होतो" असं ड्रायव्हर म्हणाला असेल तर तो खोटं बोलत नव्हता.

दुसरं म्हणजे वजन. तीन टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतः चार ते साडेचार टनांची असते, कारण समोरचा भार तोलायला मागे बिडाचा ठोकळा लागतो. आकार छोट्या मोटारीएवढा, वजन तशा चार-पाच मोटारींचं, आणि भार घेतल्यावर सात टनांच्या वर. ताशी दहा किलोमीटर म्हणजे रेंगाळणं वाटतं, पण त्या वेगाला एका सेकंदात पावणेतीन मीटर जातात. ड्रायव्हरला माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं, ब्रेक त्याच्यानंतर लागतो. शिवाय भरलेल्या पॅलेटवर करकचून ब्रेक मारला तर माल पुढे घसरतो किंवा मागची चाकं उचलली जातात, म्हणून जुना ड्रायव्हर ब्रेक मारायला बिचकतोही.

म्हणूनच माणसं आणि गाड्या एका वाटेवर असतील तर सावधगिरीला मर्यादा आहेत. निळा दिवा वाईट नाही. वळणाआधी जमिनीवर ठिपका दिसतो, नवख्याला उपयोग होतो. पण दोन आठवड्यांत डोळा त्याला सरावतो, रिव्हर्सच्या पीं-पींला कान सरावतो तसाच. पिवळा पट्टाही रंगच आहे, त्याने कोणी अडत नाही. अडतं ते लोखंडी कठड्याने. पायवाटेला गुडघ्याच्या वर येईल असा जमिनीत बोल्ट केलेला कठडा घाला आणि ओलांडायच्या जागा मोजक्या ठेवा. तिथे आपोआप बंद होणारं, माणसाच्या बाजूला उघडणारं फाटक लावा, म्हणजे ते ओढण्यासाठी त्याला एक पाऊल मागे यावं लागेल. तेवढ्या थांबण्यात काम होतं.

"एवढी जागा कुठे आहे साहेब, गाळाच चिंचोळा" हे मला पाठ आहे. जागा वेगळी करता येत नसेल तर वेळ वेगळी करा. सकाळच्या दोन तासांत फोर्कलिफ्ट माल रॅकवर चढवतील तेव्हा त्या आयलमध्ये (दोन रॅकमधल्या बोळात) पिकर नाही, आणि पिकर फिरत असतील तेव्हा आयलच्या दोन्ही तोंडांना साखळी. दसरा-दिवाळीच्या गर्दीत हे मोडणार, मला माहीत आहे. पण तेव्हाच नवी, न सरावलेली पोरं भरलेली असतात, म्हणून निदान त्या दीड महिन्यात तरी साखळीपाशी एक माणूस उभा करा.

आता ट्रकचं. हा तुमच्या तिन्हींतला सगळ्यात धोक्याचा प्रसंग होता आणि तुम्ही तो दोन ओळींत संपवलाय, कारण कोणाला लागलं नाही. बीओपीटीच्या जागी फोर्कलिफ्ट असती आणि तिच्यावर ड्रायव्हर असता, तर आज तुम्ही प्रश्न लिहीत बसला नसता. ट्रक का निघाला? मी पैजेवर सांगतो, चलानवर सही मिळाली म्हणून. ट्रकवाल्यासाठी सही म्हणजे हिरवा सिग्नल. त्याला पुढचा टप्पा गाठायचाय, हॉल्टिंगवरून, म्हणजे गाडी थांबून राहिल्यावरून, मालकाची कटकट आहे, आणि आत काय चाललंय ते केबिनमधून दिसत नाही. तुमचा सुपरवायझर शेवटची दोन पॅलेट बाकी असताना "होतंच आहे" म्हणून सही करून टाकतो. माझा उपाय फुकटातला आहे: डॉकवर एक खुंटी ठोका. गाडी लागली की चावी खुंटीला, चलानही त्याच खुंटीला, चाकांखाली गुटके. माल भरून झाला, बीओपीटी आत आली, शटर खाली आलं, मग सही, मग दोन्ही वस्तू एकाच हाताने परत. हवाबिवा भरायला इंजिन चालू ठेवतो म्हणणाऱ्याला आधी भर म्हणावं, मग डॉकला लाव. गुटका लावायचं काम क्लीनरवर सोडू नका, तो चहाला गेलेला असतो. आणि ट्रक निघणार नसला तरी गुटका उपयोगी पडतो: फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना प्रत्येक धक्क्याने ट्रक बोट-दोन बोटं पुढे सरकत असतो आणि डॉकची फट वाढत जाते.

क्लीनरवरून आठवलं. रिव्हर्स येणाऱ्या ट्रकच्या बरोब्बर मागे उभं राहून, पाटीवर थाप मारत "आने दे, आने दे" करणारा पोरगा तुमच्या यार्डात रोज दिसत असेल. डॉकची भिंत आणि ट्रकचं बूड यांच्यामध्ये सापडून मेलेला माणूस मी पाहिलाय, त्यामुळे या गोष्टीवर मी फार शांतपणे बोलू शकत नाही. इशारा देणारा ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल असाच उभा राहील, आणि आरशातून तो नाहीसा झाला की ट्रक थांबेल. हे गेटवर, प्रत्येक गाडीला, त्याच्या भाषेत सांगायचं. ड्रायव्हर-क्लीनरला बसायला पंखा, पाणी आणि बाकडं असलेली जागा द्या. नाही दिली तर ते चपला घालून तुमच्या आयलमध्ये सहीवाल्याला शोधत फिरणार.

रॅकचा खांब. तो ठोकला गेला तेव्हा रॅक रिकामा केला होता का? नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी तो बे, म्हणजे रॅकचा दोन खांबांमधला भाग, रिकामा करा. रॅकचा खांब पातळ पत्र्याचा, दुमडून कडक केलेला असतो. सरळ असेपर्यंत तो टनांनी वजन पेलतो, वाकला की त्याची ताकद नजरेला वाटते त्यापेक्षा फार जास्त घटते. एक मीटर लांबीची सरळ पट्टी खांबाला लावून बघा. युरोपात जो मापदंड वापरतात आणि आपल्याकडेही बरेच रॅकवाले मानतात, त्यात बीमच्या (पॅलेट पेलणाऱ्या आडव्या पट्टीच्या) दिशेने ५ मिलिमीटर आणि आत, ब्रेसिंगच्या (खांबांना जोडणाऱ्या आधारपट्ट्यांच्या) दिशेने ३ मिलिमीटर ही वाकण्याची हद्द आहे. त्याच्या दुपटीवर गेलं तर तो बे ताबडतोब खाली करायचा. हातोड्याने ठोकून सरळ करणं आणि वेल्डिंगने ठिगळ लावणं, दोन्ही बंद. खांब बदलायचा. खालच्या टोकाला जमिनीत बसवलेला गार्ड लावा, पुढचा धक्का तो खाईल.

तो ड्रायव्हर रिव्हर्समध्ये का आदळला, याचं एक कारण उजेडही असू शकतं. दुपारी डॉकच्या लख्ख उन्हातून अंधाऱ्या आयलमध्ये शिरताना डोळ्यांना काही सेकंद काहीच दिसत नाही. तुमच्या नोंदीत वेळ लिहिलीय का बघा. पावसाळ्यात यात ओले टायर आणि डॉकप्लेटवरचा चिखल मिसळतो. शटरच्या आत चार-पाच मीटरवर दिवे वाढवणं आणि उंबऱ्याशी टायर पुसले जातील अशी जाड मॅट टाकणं, एवढं तरी कराच.

आता ड्रायव्हर. त्यांना शिकवायचं आहेच, पण "हळू चालवा" हे शिकवणं नव्हे. मास्टजवळची (फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या चौकटीजवळची) कपॅसिटी प्लेट, म्हणजे गाडी किती वजन उचलते ती पाटी, वाचता येते का, हे विचारा. "तीन टन" ही क्षमता बहुधा ५०० मिलिमीटरच्या लोड सेंटरला असते, म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या मुळापासून अर्ध्या मीटरवर असेल तर. लांबलचक पेटी घेतली आणि तो मध्य ७०० वर गेला, की तीच गाडी ढोबळमानाने अडीच टनांची उरते. मास्ट उंच गेला की आणखी कमी. उतारावर भरलेली गाडी नेताना माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्स. रिकामी असेल तर उलट.

आणि पट्टा. फोर्कलिफ्ट कलंडायला लागली की माणूस उडी मारतो, ते आपोआप होतं. पण गाडी ज्या बाजूला कलंडते त्याच बाजूला तो पडतो आणि डोक्यावरच्या गार्डची लोखंडी चौकट त्याच्यावर येते. पट्टा उडी मारू देत नाही, म्हणून तो जीव वाचवतो. बसल्या जागी स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचं. हे ड्रायव्हरांकडून बसल्या जागी दहा वेळा करून घ्या. उभ्याने चालवायचा, मागून चढायचा रीच ट्रक असेल तर मात्र नियम उलटा आहे, त्यात मागच्या बाजूने बाहेर पडायचं असतं. एकच पत्रक दोन्ही गाड्यांना चिकटवलेलं मी पाहिलंय.

फोर्कवर पॅलेट, पॅलेटवर माणूस आणि माणसाच्या हातात ट्यूबलाइट, हे दृश्य तुमच्याकडे नाही असं म्हणू नका. नुसतं बंद म्हणून ते बंद होत नाही, कारण वर चढायचं काम खरंच असतं. एक चाकांची कठडेवाली शिडी घ्या, ती कुलूपबंद नसलेल्या जागी ठेवा, मग बंदी घाला.

दंडाबद्दल माझं मत कडू आहे. पाचशे रुपये कापले त्या दिवसापासून तुमच्या गोदामात छोटे धक्के नोंदवणं बंद झालं. आता तुम्हाला फक्त तेच कळेल जे लपवता येत नाही, म्हणजे मोडलेला पाय किंवा कोसळलेला रॅक. मी लावलेली पद्धत साधी: "लागता लागता राहिलं" असं सांगणाऱ्याला त्याच पाळीत चहा, नाव लिहायचं नाही आणि आठवड्यात त्यातली निदान एक गोष्ट दुरुस्त झालेली सगळ्यांना दिसली पाहिजे. शेवटचं नाही झालं तर चहा पिऊनही लोक गप्प बसतात. दर ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, बॅनरखाली शपथ घेऊन दुपारी त्याच ड्रायव्हरला "आज सहा गाड्या काढायच्याच" सांगणारे मॅनेजर मी मोजत नाही आता. गाडीमागे इन्सेंटिव्ह देत असाल तर तोही प्रश्नाचा भाग आहे, मालकाला तसं लिहून कळवा.

आता त्या मुलाचं. त्याच्या पायात शूज असते तर? सेफ्टी शूजचं पुढचं टोपण २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टनाचा दाब सोसेल असं तपासलेलं असतं, आणि ते फक्त बोटं झाकतं. रिकाम्या फोर्कलिफ्टच्या एका मागच्या चाकावर टनाहून जास्त वजन असतं आणि ते पावलाच्या मध्यावरून गेलंय. शूज द्यायलाच हवेत, पण त्यांनी हा अपघात टळला नसता.

भरपाईचं कंत्राटदाराचं म्हणणं चूक आहे. मुलाचा पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा योजनेखाली) येत असेल, तर कामावर झालेली इजा म्हणून उपचार ईएसआयमधून, आणि काम करता येत नाही तेवढ्या काळाचे रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के पैसेही तिथूनच. त्यासाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. पुढे पायात कायमचं अधूपण राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्यानुसार दरमहा रक्कम सुरू होते. मालकाने अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, भरायचा असतो. कंत्राटी माणसाची वर्गणी आधी भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे तुमच्या कंपनीवर आहे, ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करता येते. तेव्हा "तो आमचा माणूस नाही" हे वाक्य कागदावर कुठेही लिहू नका.

ईएसआय लागूच नसेल तर १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि हा विषय आता तिच्यात आहे, त्यामुळे अपघाताची तारीख बघून वकिलाला विचारा. गाभा तोच आहे: मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि मूळ मालक कंत्राटदाराच्या आड लपू शकत नाही. शूज न घालण्याचा मुद्दा तेव्हाच येतो जेव्हा स्पष्ट आदेश असताना कामगाराने तो जाणूनबुजून मोडला. तुम्ही त्याला शूज दिल्याची सही आहे का? नसेल तर तो मुद्दा मिटला. आकडा किती होतो याचा अंदाज यावा म्हणून जुन्या कायद्याचा हिशेब: २५ वर्षांचा कामगार, वेतन २०२० मध्ये ठरलेल्या १५ हजारांच्या मर्यादेवर. संपूर्ण कायम अपंगत्वाला ९ हजार (वेतनाचे ६० टक्के) गुणिले २१६.९१ (वयानुसार ठरलेला गुणक), म्हणजे १९,५२,१९० रुपये. मृत्यूला ७,५०० (वेतनाचे ५० टक्के) गुणिले तेच, १६,२६,८२५ रुपये. अंशतः अपंगत्वाला त्यातली टक्केवारी. दावा दोन वर्षांच्या आत करायचा.

आणखी एक, कारण बहुतेक गोदामांत हे चुकतं. पावलावरून चाक गेलं आणि एक्स-रेत काही दिसलं नाही, तरी माणसाला घरी पाठवू नका. चिरडलेल्या पावलात आत सूज दाटते, रक्तपुरवठा अडतो, आणि काही तासांत पाय जायची वेळ येऊ शकते. वेदना वाढत चालली, बोटं बधिर झाली, गार पडली, तर लगेच हाडांच्या डॉक्टरकडे. चोळणं, शेकणं, गावाकडच्या हाडवैद्याकडे नेणं नाही. बूट घट्ट होत असेल तर ओढू नका, कापा.

"आमचं गोदाम आहे, कारखाना नाही, इन्स्पेक्टर येत नाही" असंही तुम्ही लिहिलंय. आजवर बरीच गोदामं दुकानांच्या कायद्याखाली नोंदवून निभावली. पण त्याच २१ नोव्हेंबरला सुरक्षा-आरोग्याची संहिताही लागू झाली, आणि दहा किंवा जास्त कामगार असलेली आस्थापना तिच्यात येते. तुमच्याकडे पन्नास आहेत.

खडूची फेरी झाली की गोदामाचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर ते गोल, पाण्याची जागा, हजेरीचं मशीन, संडास आणि डॉक, एवढं पाठवा. ट्रेनिंगचं मग बघू. काढून टाकलेला ड्रायव्हर अजून रिकामा असेल तर त्यालाही त्या फेरीला बोलवा, कुठे काय अडतं ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.